काळी दोन की पांढरी दोन? बँड आणि पाहुणे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लष्करी बँडच्या हिवाळी कार्यक्रमांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच लिहिलंत. एकही शिवी न घालता कुणी चार परिच्छेद विरोधात लिहितो, हल्ली एवढ्यानंही बरं वाटतं. उत्तर लिहायला बसलो तर ते प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे वेगळं टाकतोय.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. डिसेंबर-जानेवारी हा आपल्याकडे लष्करी बँडचा हंगाम. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या सुमारास मुंबईत गेटवेवर नौदलाचा बँड वाजतो, पुढे सभागृहातल्या मैफली होतात, आणि २९ जानेवारीला दिल्लीत विजय चौकात बीटिंग रिट्रीट, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची बँडच्या सुरांत होणारी सांगता. मैफलींना बाहेरचे गायक, तबलावादक, व्हायोलिनवादक पाहुणे म्हणून बोलावतात. ते मला आवडतं आणि येत्या हंगामात तसं आणखी व्हावं, असं मी लिहिलं होतं.

त्यावर तुमचं म्हणणं असं: सैनिकाचं काम लढायचं, गवयाच्या मागे साथ करायचं नव्हे. बाहेरचे कलाकार आणले की लष्करी बँड आणि वरातीतला बँड यांत फरक उरत नाही. आणि हे सगळं प्रकरण मुळात साहेबाचं उष्टं. शिवाय शेवटच्या ओळीत तुम्ही माझी एक चूक काढली आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

लढण्याचा मुद्दा आधी उरकतो. लढाईच्या काळात बँडच्या जवानांकडे जखमींची ने-आण असते. स्ट्रेचर उचलणं, प्रथमोपचार करणं याचं शिक्षण त्यांना असतं. एरवी ते वाजवतात, आणि त्यांनी एखाद्या संध्याकाळी मैफलीत वाजवलं म्हणून सीमेवरचा एकही माणूस कमी होत नाही. इतकंच.

उष्ट्याचा मुद्दा मात्र मला असा दोन ओळींत सोडवत नाही, कारण त्यात आपलंच घर निघतं. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले १७९८ मध्ये गादीवर आले. त्यांच्या दरबारात इंग्रजी वाद्यांचा बँड होता, आणि तो राजांच्या हौसेचा होता, कुणी लादलेला नव्हता. त्याच काळात मद्रासकडे मुथुस्वामी दीक्षितर इंग्रजी बँडच्या चाली ऐकत होते आणि त्यांवर संस्कृत शब्द बांधत होते. त्या रचनांना 'नोट्टुस्वर' म्हणतात. त्यांतली एक तर चक्क इंग्लंडच्या राष्ट्रगीताच्या चालीवर आहे, आणि आजही कर्नाटक संगीत शिकणारी लहान मुलं ती देवीचं स्तोत्र म्हणून गातात. दक्षिणेतल्या नाचाच्या साथीला क्लॅरिनेट आलं ते एकोणिसाव्या शतकात. आपल्या तमाशाच्या फडात त्याचं 'क्लॅरोनेट' झालं आणि गावच्या वरातीत ते सनईच्या जागी जाऊन बसलं. दोनशे वर्षं तोंडात असलेल्या घासाला उष्टं कसं म्हणायचं?

वरातीच्या बँडवरून तुम्ही टोमणा मारलात, त्यावरही बोलायलाच हवं. वरातीतल्या बँडवाल्याच्या खांद्यावरच्या सोनेरी झालरी, छातीवरची बटणं, डोक्यावरचा तुरा हे सगळं कुठून आलं? पलटणीच्या बँडकडूनच. पलटणीतून निवृत्त झालेली माणसं अशा बँडांत मास्तर झाली आणि त्यांनी पोरांना शिकवलं. त्यामुळे तुम्ही ज्याला अपमान समजता ते खरं तर नातं आहे, आणि भर मे महिन्यात दुपारी दोन वाजता डांबरी रस्त्यावर चालत ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाला मी तरी कमी लेखणार नाही. एकदा करून बघा.

आता मुख्य गोष्ट, पाहुणे.

काही वर्षांपूर्वी पुण्याजवळ एका लष्करी बँडच्या तालमीला बसायची संधी मिळाली. बसायची म्हणजे काय, पाहुणे म्हणून बोलावलेल्या गवयांची पेटी सांभाळायला मी गेलो होतो. बुवा नाट्यसंगीत गाणारे, साठी ओलांडलेले. समोर पस्तीसेक वादक, प्रत्येकापुढे स्टँड, स्टँडवर नोटेशन. बँडमास्तरांनी विचारलं, "बुवा, पट्टी कुठली?" बुवा म्हणाले, "पांढरी दोन." आणि मागच्या रांगेत कुणीतरी हलकेच शीळ घातली.

शीळ का, ते सांगतो. पेटीच्या ज्या पट्टीला गवई आपला 'सा' मानतो ती त्याची पट्टी; काळी-पांढरी हा तिचा रंग, आकडा हा तिचा क्रमांक. बँडमधली क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट ही काळी पाचची वाद्यं. वादकाने आपला 'सा' वाजवला की कानाला पेटीची काळी पाच ऐकू येते. आल्टो सॅक्सोफोन काळी दोनचा. त्यामुळे काळ्या पट्ट्या म्हणजे बँडला सपाट रस्ता. पांढरी दोन म्हटलं की क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर चार तीव्र स्वरांच्या खुणा येतात आणि आल्टोवाल्याच्या कागदावर पाच, आणि द्रुत तानेत बोटांची अक्षरशः गाठ बसते. पेटीवाल्याला या पट्टीतून त्या पट्टीत जाणं फार जड नसतं. फुंकेच्या वाद्यांचं तसं नाही.

बँडमास्तर म्हणाले, "बुवा, अर्धा सूर वर चला की, काळी दोन." काळी दोन घेतली तर क्लॅरिनेटला एकच खूण, आल्टोला शून्य. बँडला स्वर्ग! बुवांनी डोळे मिटून वरचा पंचम मनातल्या मनात लावून पाहिला आणि मान हलवली. "या वयात नको." शेवटी खाली उतरून पांढरी एकवर तडजोड झाली. यात तबलजीचं मरण. एक पूर्ण सूर खाली म्हटल्यावर हातोडीने किती उतरवणार? पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते, नाद मरतो. त्यांनी निमूटपणे दुसऱ्या पिशवीतून मोठ्या तोंडाचा तबला काढला. अनुभवी माणूस, दोन आणले होते.

पट्टीचं मिटलं आणि खरा पेच पुढे आला. बँड कागदावर चालतो: इतक्या मात्रा, मग शिरायचं. बुवा कागदावर चालत नाहीत. अंतऱ्याआधीचा आलाप त्यांनी पहिल्यांदा घेतला तो चार आवर्तनांचा, म्हणजे तालाच्या चार फेऱ्यांचा, दुसऱ्यांदा सहाचा, तिसऱ्यांदा तर डोळेच मिटून घेतले. दोनदा ट्रॉम्बोन आधी शिरले आणि ओशाळले. बँडमास्तरांनी काठी खाली ठेवली. म्हणाले, "आलापाच्या जागी सगळ्यांनी लांब सूर धरायचा. श्वास आळीपाळीने घ्या, सूर तुटता कामा नये. आणि माझ्याकडे बघू नका. बुवांचा उजवा हात मांडीवर पडला की शिरा."

माझ्या शेजारी दुसऱ्या क्लॅरिनेटचा पोरगेला जवान बसला होता. त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि कागदावर त्या जागी देवनागरीत लिहिलं: 'हात बघ'.

कार्यक्रमाच्या दिवशी बुवांनी आलाप आठ आवर्तनं लांबवला. खट्याळपणाच तो. पस्तीस माणसं तो एक सूर धरून होती, कुणाचा श्वास कधी संपतोय ते कळत नव्हतं, आणि हात मांडीवर पडला तेव्हा सगळे एका क्षणात शिरले. मी पेटीवर होतो, मीच अर्धी मात्रा मागे पडलो.

तुम्ही म्हणता पाहुण्यामुळे बँडचं लष्करीपण पातळ होतं. मी जे पाहिलं ते असं होतं. ती शिस्त नसती तर बुवांना त्या आठ आवर्तनांचं धाडस करता आलं नसतं. नेहमीच्या साथीदारांबरोबर ते करतात ते वेगळं, तिथे तिघेजण असतात आणि चुकलं तर सावरून घेतात. पस्तीस जणांना सावरायला जागा नसते. आणि बँडच्या बाजूने पाहिलं तर, संचलनात कायम एकाच चालीने चालणाऱ्या या पोरांना मात्रा मोजणं सोडून माणूस ऐकावा लागला. हे कवायतीच्या मैदानावर शिकवता येत नाही.

शिवाय बाहेरचा माणूस फक्त मैफलीपुरता येतो असंही नाही. 'शंखनाद' ही संचलनाची धून २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी राजपथावर सैन्याच्या बँडांनी वाजवली. तिचे शब्द ब्रिगेडियर विवेक सोहल यांचे, संगीत नागपूरच्या संगीताच्या प्राध्यापिका डॉ. तनुजा नाफडे यांचं. मूळ रचना महार रेजिमेंटसाठी. लष्कराबाहेरच्या, रागसंगीतात वाढलेल्या बाईंनी बांधलेल्या चालीवर जवानांची पावलं पडली. तुमच्या हिशेबाने या पाहुण्याच, नाही का? आणि २०२२ पासून बीटिंग रिट्रीटमध्ये 'अबाइड विथ मी' या ख्रिस्ती प्रार्थनेच्या जागी 'ए मेरे वतन के लोगों' आलं. त्या बदलावर तेव्हा खूप धुरळा उडाला, मलाही ती जुनी धून गेल्याची चुटपुट आहे. पण जी आली ती चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या माणसाची. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात त्यांचे सहायक होते गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट. गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेली अशी माणसं पोलीस आणि पलटणींच्या बँडांत गेली, हॉटेलांत गेली, सिनेमात गेली. सिनेमाची चाल बँडमध्ये शिरली म्हणून नाक मुरडताना, बँडचा आवाज आधी सिनेमात शिरला होता, हेही लक्षात असू द्या.

आता तुमचं जिथे बरोबर आहे तिथे. पाहुणा म्हणून कुणीही चालतो असं मी म्हटलं नव्हतं, पण लेख वाचून तसं वाटू शकतं. एका शहरात मैदानावरच्या कार्यक्रमात मी असंही पाहिलंय, की गायक ध्वनिमुद्रित संगीतावर गातोय आणि मागे गणवेशातले चाळीस जण वाद्यं मांडीवर घेऊन शोभेला बसलेत. मध्येच निवेदक टाळ्या मागतोय. त्या रात्री माझं मत तुमच्या मताच्या फार जवळ गेलं होतं. पाहुणा बँडबरोबर गाणार असेल तर बोलवावा, बँडसमोर गाणार असेल तर त्याच्यासाठी वेगळा कार्यक्रम ठेवावा. बँडने माइकशिवाय वाजवावं हीही माझी जुनी कुरकुर आहे. सभागृहात बासून, ओबो ही फुंकेची वाद्यं मुळात हळू बोलतात, त्यांना स्पीकरमधून ऐकणं म्हणजे मोगरा प्लास्टिकच्या पिशवीतून हुंगणं.

पण तुम्हाला बँडच्या भवितव्याची काळजी असेल, आणि प्रतिक्रियेच्या सुरावरून ती आहे असं वाटतं, तर ती पाहुण्यांवर खर्च करू नका. नौदलात वादकांची भरती आता अग्निवीर म्हणून होते. दहावी झालेला, एखादं वाद्य येणारा मुलगा किंवा मुलगी चार वर्षांसाठी घेतली जाते, आणि त्यांतल्या फार तर २५ टक्क्यांना पुढे कायम ठेवतात. पायदळात चार वर्षांत काय होतं ते जाणकार सांगतील. पण फ्रेंच हॉर्न धरलेल्या मुलाचे ओठ तयार व्हायलाच दोन-तीन वर्षं लागतात. त्या वाद्यात स्वर एकमेकांना इतके चिकटून असतात, की हवा तो सोडून शेजारचा लागणं ही रोजची गोष्ट. ओबोवाल्याला फुंकायची आपली वेताची पत्ती स्वतः तासायला शिकायचं म्हणजे आणखी काही वर्षं. कुलाब्याला 'आयएनएस कुंजाली'वर नौदलाची संगीतशाळा आहे, भूदलाची पचमढीला, १९५० पासून. तिथले उस्ताद शिकवतील, पण मुलगा नीट वाजवायला लागला की त्याला निरोप द्यायचा? 'हात बघ' लिहिणारा तो पोरगा तेव्हा नोकरीत सातव्या वर्षात होता. मी मुद्दाम विचारलं होतं.

राहिली चूक. मी सॅक्सोफोनला 'पितळी वाद्यांत' बसवलं होतं आणि तुम्ही लिहिलंत की तो पितळेचा असला तरी वेताच्या पत्तीवर वाजतो, म्हणून क्लॅरिनेटच्या कुळातला. शंभर टक्के बरोबर. बँडमध्ये तो बसतोही क्लॅरिनेटांच्या शेजारीच, आणि मी तर त्याच रांगेत पेटी घेऊन बसलो होतो, तरी लिहिताना हात घसरला. लेखात दुरुस्ती केली आहे.