गुण पाहून कारणे द्या

इतिहास-नागरिकशास्त्राच्या पेपरात पैकीच्या पैकी गुण हवे असतील, तर प्रश्न नंतर वाचा, त्यापुढचे गुण आधी वाचा. दोन गुण असतील तर त्या घटनेला दोनच कारणे होती, पाच असतील तर पाच. पहिले महायुद्ध नेमके कशामुळे पेटले यावर इतिहासकार शंभर वर्षांहून जास्त काळ भांडत आहेत. बिचाऱ्यांना प्रश्न किती गुणांचा आहे हे कोणी सांगितलेलेच नाही.

तुम्ही मात्र साम्राज्यवाद, लष्करवाद, राष्ट्रवाद आणि गुप्त करार असे चार मुद्दे लिहा आणि प्रत्येकाखाली पट्टीने रेघ मारा. मग 'तात्कालिक कारण' असे उपशीर्षक देऊन २८ जून १९१४ रोजी सारायेवोत ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड याचा खून करून मोकळे व्हा. त्या दिवशी सकाळी त्याच्यावर बॉम्ब फेकला गेला होता आणि तो वाचला होता, हे लिहू नका. नंतर त्याच्या ड्रायव्हरने भलतेच वळण घेतले, चूक लक्षात आल्यावर गाडी थांबवली आणि मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिप नेमका तिथेच उभा होता, हे तर मुळीच नको. ड्रायव्हर कोणत्या 'वादा'त बसवणार? युद्ध जाहीर झाले २८ जुलैला. मधला महिनाभर राजधान्यांमधून तारा, खलिते, निर्वाणीचे इशारे फिरत होते आणि युद्ध थांबवण्याची संधी बऱ्याच जणांकडे होती. तो महिना वगळा आणि 'युद्ध अटळ होते' असे ठोकून द्या. तपासणाऱ्याला 'अटळ' फार आवडते, कारण त्यापुढे त्यालाही काही विचारावे लागत नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीत जनतेने १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग फोडून कैद्यांना मुक्त केले, एवढे पुरे. कैदी किती होते ते मोजायला जाऊ नका. सातच निघतील, त्यातले चार बनावट कागदपत्रे करणारे. लोक मुळात गेले होते बंदुकीच्या दारूसाठी. पण 'दारूसाठी' असे वहीत लिहिलेत तर घरी पत्र जाईल.

शासनव्यवस्थेचे प्रश्न सोपे. 'मॅग्ना कार्टाने जनतेला हक्क मिळाले' असे लिहा. १२१५ च्या जूनमध्ये सरदारांनी इंग्लंडचा राजा जॉन याच्याकडून तो कागद मुख्यतः स्वतःसाठी घेतला होता आणि ऑगस्टमध्ये पोपने रद्दही केला होता, याला अर्धा गुणही मिळत नाही. अमेरिकेच्या अध्यक्षाला जनता निवडते, हेही बिनधास्त लिहा. अध्यक्षाला प्रत्यक्ष मत देणारे ५३८ इलेक्टर आणि जिंकायला लागणारा २७० चा आकडा यांच्या वाटेला गेलात, की २०१६ मध्ये लाखो मते जास्त मिळवूनही हिलरी क्लिंटन कशा हरल्या, हे समजावावे लागेल, आणि जागा असते चार ओळींची.

खरी कसोटी धर्माची. इथे तक्ता आखा: धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ. प्रत्येक धर्म या चार रकान्यांत बसलाच पाहिजे. हिंदू धर्माच्या संस्थापकापाशी पेन अडेल, तिथे आडवी रेघ ओढा. रेघ नीट आली की पुढे सरका.

मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर खिळा ठोकून पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्धचे ९५ प्रबंध लावले, असे लिहाच. त्याने ते आर्चबिशपला पत्रासोबत पाठवले हे नक्की आणि खिळ्याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. पण पाठ्यपुस्तकातल्या चित्रात हातोडा दिसतो ना? झाले तर मग.

तीस वर्षांचे युद्ध, १६१८ ते १६४८, म्हणजे कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट. जोड्या लावा, विषय संपवा. मागच्या बाकावरून एखादा विचारेल की मग कॅथलिक फ्रान्स प्रोटेस्टंट स्वीडनला पैसा का पुरवत होता आणि १६३५ मध्ये त्याच बाजूने युद्धात का उतरला? आणि फ्रान्सचा कारभार पाहणारा रिशल्यू तर चर्चचा कार्डिनल! अशा मुलाला प्रेमाने सांगा, 'हे अभ्यासक्रमात नाही.' त्याला शक्यतो पहिल्या बाकावर आणू नका.

वेळ कमी पडला तर पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीशी झालेला व्हर्सायचा तह पाठ असू द्या. तो २८ जून १९१९ चा, म्हणजे फर्डिनांडच्या खुनाला बरोबर पाच वर्षे, तेव्हा तारीखही एकदाच पाठ करावी लागते. पहिल्या महायुद्धाचे परिणाम विचारले तरी तोच परिच्छेद, दुसऱ्याची कारणे विचारली तरी तोच. फक्त वरचे शीर्षक बदलायला विसरू नका.