बाळंतपणाचा हिशेब मांडणाऱ्या मुलींना नावे ठेवू नका

आज नात्यातल्या एका डोहाळजेवणात माझ्या मावसबहिणीला आमच्या मामींनी सगळ्यांसमोर ऐकवले, "लग्नाला चार वर्षे झाली, असे हिशेबच करत बसलात तर पाळणा कधी हलायचा?" बायका हसल्या आणि बहीणही कशीबशी हसली. कार्यक्रम दुसरीच्या कौतुकाचा असल्यामुळे मी तिथे गप्प राहिले, पण इथे गप्प राहण्याचे कारण नाही.

होय, ती हिशेब करते. तिच्याकडे त्यासाठी एक वेगळी वहीच आहे आणि ती मी पाहिली आहे. ती पुण्यातल्या एका खासगी क्लासमध्ये तासिका तत्त्वावर शिकवते आणि तिचा नवरा लग्नसमारंभांचे फोटो काढतो, म्हणजे मुहूर्त नसलेल्या महिन्यांत घरात फारसे काही येत नाही. दोघांपैकी कोणालाही नोकरीसोबत मिळणारा आरोग्य विमा नाही. आपल्यापैकी ज्यांची बाळंतपणे कंपनीच्या ग्रुप पॉलिसीवर पार पडली, त्यांना या वहीची गरज कळणार नाही, कारण आपल्याला बिल आले तेव्हा आपण फक्त कार्ड पुढे केले होते.

स्वतःच्या पैशाने विमा काढू म्हणून दोघे एजंटकडे गेले, तेव्हा त्यांना कळले की साध्या पॉलिसीत प्रसूतीचा खर्च सहसा धरलेलाच नसतो. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेच्या (आयआरडीएआय) पुढाकाराने आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीतही तो नाही. ज्या पॉलिसींमध्ये तो आहे, तिथे बहुधा दोन ते चार वर्षे हप्ते भरत थांबावे लागते आणि थांबूनही मिळणाऱ्या रकमेला मर्यादा असते. आधीच दिवस गेले असतील तर त्या खेपेपुरता विषयच संपला. मला मान्य आहे की ही अट नसती तर लोकांनी तिसऱ्या महिन्यात पॉलिसी काढून बाळ घरी आल्यावर ती सोडून दिली असती. पण एकतिशीतल्या मुलीला विमा कंपनी म्हणते 'चार वर्षे थांबा' आणि नातेवाईक म्हणतात 'आता थांबू नका', तेव्हा तिने नेमके कोणाचे ऐकायचे? कंपनीच्या लेखी मूल होणे हा आजार नसून तिची हौस आहे, नातेवाइकांच्या लेखी ते तिचे कर्तव्य आहे, आणि बिल मात्र दोघांपैकी कोणीच भरणार नाही.

त्या वहीत नॉर्मल प्रसूतीचा आकडा लिहून खोडलेला आहे आणि त्याखाली सिझेरियनचा आकडा लिहिलेला आहे. कारण विचारले तर ती म्हणाली, "ताई, कमी आकडा धरून चालले तर घात होतो." तिचे काय चुकले? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या खासगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. घराजवळच्या रुग्णालयाने तिला सगळे धरून दीड लाखाच्या आसपासचा अंदाज दिला आहे. बाळाला काचेत ठेवावे लागले तर त्याचे पैसे दिवसागणिक वेगळे, आणि ती ओळ वहीत कोरीच आहे, कारण तिथे किती लिहायचे हे तिला कोणीच सांगू शकत नाही.

रजेचेही तेच. २०१७ पासून कायद्याने सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा मिळते हे आपण अभिमानाने सांगतो, पण खासगी दुकाने आणि कार्यालयांना तो कायदा दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तरच लागू होतो. तिच्या क्लासमध्ये तेवढी माणसे नाहीत. तिथे तास घेतला नाही तर पैसे नाहीत, इतका साधा नियम आहे. केंद्राच्या मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी, तेही आई पात्र ठरल्यास, पाच हजार रुपये मिळतात. तेवढ्यात सोनोग्राफी आणि तपासण्या तरी निघतील का, याची मला शंका आहे.

मामींचा नेहमीचा दाखला असा की आमच्या आजीची आठ बाळंतपणे घरातच झाली. झाली खरी. त्या आठांपैकी मोठी किती झाली, हे मात्र त्या कधी सांगत नाहीत.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा उतरला आहे, कारण मामींचेच पहिले बाळंतपण आठवले. तेव्हा पहिलटकरीण माहेरी जात असे आणि सगळा खर्च माहेरच्यांच्या अंगावर पडत असे. मामींच्या वडिलांनी त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढले होते, हे त्यांनीच मला एकदा सांगितले होते, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. माहेर हाच तेव्हाच्या बायकांचा विमा होता आणि त्याचा हप्ता मुलीचा बाप भरत असे. हिशेब तेव्हाही होत होता, फक्त तो मुलीला दाखवला जात नव्हता. माझ्या मावशीचे यजमान एसटीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्याकडे पैसे मागायचे नाहीत, असे बहिणीने वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे. मामींनी हे पान वाचले असते तर त्या आज तसे बोलल्या नसत्या, असे मला मनापासून वाटते.

सरकारी रुग्णालयात का जात नाहीत, असे काही जण विचारतील. प्रश्न रास्त आहे. जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून सरकारी आरोग्य संस्थांमध्ये प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत मिळायला हवी, आजारी नवजात बाळाच्या उपचारांसकट. आपल्या वर्तुळात मात्र तिथे जाणे कमीपणाचे मानले जाते, आणि हिशेबाला हसणारीच मंडळी उद्या 'सरकारीत का नेले?' म्हणून नाक मुरडतील.

आम्ही दोघींनी येत्या ९ तारखेला एका सरकारी रुग्णालयात जाऊन यायचे ठरवले आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तेव्हा भरपूर गर्दी असेल आणि गर्दीच्या दिवशीच जागेची खरी पारख होते. पुण्यात ज्यांची प्रसूती महापालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात झाली असेल, त्यांनी कृपया एवढेच कळवावे: रात्री भूल देणारे आणि लहान मुलांचे डॉक्टर हजर होते का, बाहेरून औषधे आणण्यासाठी चिठ्ठी हातात पडली का, आणि बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तेव्हा तिथे जागा मिळाली की दुसरीकडे पाठवले.