पाड्यावर सहा, घरात सहा

वहिनीने परवा सोसायटीच्या ग्रुपवरचं भांडण मला पुढे पाठवलं आणि माझा अख्खा शनिवार त्यात गेला. झालं ते एवढंच. पाथर्डी फाट्याजवळच्या त्यांच्या सोसायटीत आठ-दहा घरांनी ठरवलं की रविवारी गच्चीवर बसून घरातल्या जुन्या सुती साड्या, चादरी, धोतरं जमवून बारा गोधड्या शिवायच्या. मुलांनी कापायचं, आई-बाबांनी थर लावायचे, आज्यांनी टाके शिकवायचे. डिसेंबरात थंडी पडली की पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर नेऊन द्यायच्या. त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लिहिलं, "नवं ब्लँकेट घाऊकमध्ये अडीचशेला मिळतं. वर्गणी काढा, पन्नास आणा, एका दिवसात वाटून मोकळे व्हा. शिकलेसवरलेले लोक चिंध्या शिवत बसणार?" खाली अंगठ्यांची रांग. मग कुणीतरी मुलांच्या स्कॉलरशिपचा विषय काढलाच. तो निघाल्याशिवाय नाशिकमध्ये कुठलीही चर्चा पूर्ण होत नाही.

मला राग आला तो "शिकलेसवरलेले" याचा. मी राहते त्या नेदरलँड्समधल्या आम्स्टेलव्हेनमध्ये दरवर्षी नोव्हेंबर उजाडला की शिकल्यासवरल्या घरांतून डिंकाचा वास येतो. ११ नोव्हेंबरला सिंट मार्टेन, म्हणजे दुधाची रिकामी खोकी आठवडाभर आधीपासून धुऊन ओट्यावर वाळत टाकलेली. त्यांना खिडक्या कापायच्या, रंगीत कागद लावायचा, आत दिवा, आणि अंधार पडला की पोरं दारोदार गाणी म्हणत फिरणार. ते संपतं न संपतं तोच ५ डिसेंबरच्या सिंटरक्लास या भेटवस्तूंच्या सणाची स्युरप्रीझ. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली त्याच्यासाठी खोक्यांचं, वर्तमानपत्रांच्या लगद्याचं काहीतरी बनवायचं, भेट त्यात लपवायची आणि वर त्याची टर उडवणारी कविता. लेकीच्या वर्गातल्या एकाचा बाप सर्जन आहे. तो गेल्या वर्षी दोन रविवार कोपरापर्यंत खळ माखून लगद्याचा घोडा करत होता. घोड्याची मान तीनदा पडली. या वयात हे काय, असं त्याला कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. आमच्या शाळेत कार्यानुभवाचा तास होता आणि त्यात 'टाकाऊपासून टिकाऊ' होतं. फुटक्या बांगड्यांचं तोरण, काडेपेट्यांचा सोफा, आइस्क्रीमच्या काड्यांचं घर. पण खरं सांगायचं तर त्यातलं टिकाऊ काहीच नसायचं. गुण मिळाले की तोरण माळ्यावर, आणि माळ्यावरून दिवाळीच्या आवराआवरीत कचऱ्यात. ती वस्तू कुणाला हवी होती का, हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. म्हणून मला गच्चीवरची कल्पना आवडली. इथे शेवटी एक माणूस आहे, त्याला थंडी वाजते आहे, आणि टाका सैल पडला तर कापूस नाही तरी थर सरकणार आहेत.

आता त्या अडीचशेच्या "नव्या" ब्लँकेटबद्दल. काकांना हे कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगते. मदतवाटपात दिसणारी ती करडी, मरून, थोडी तेलकट वासाची लोकरी ब्लँकेटं वर्षानुवर्षं पानिपतहून येत आली आहेत. पानिपत हे जुन्या लोकरी कपड्यांपासून धागा करण्याचं जगातलं मोठं केंद्र. युरोप-अमेरिकेतले टाकलेले स्वेटर, कोट, मफलर गाठोड्यांनी कांडल्यासारख्या बंदरात उतरतात. ते कुणी तसेच विकू नयेत म्हणून त्यांना चिरे मारलेले असतात. तिथून ते पानिपतला जातात. बायका बसून बटणं, चेन, अस्तरं हाताने काढतात, लाल लालमध्ये, निळं निळ्यामध्ये असे रंगांचे ढीग लावतात, म्हणजे पुन्हा रंगवायला नको. मग यंत्र त्याचा फडशा पाडून तंतू करतं, त्याचा धागा, त्याचं ब्लँकेट. म्हणजे मी इथल्या कोपऱ्यावरच्या कपड्यांच्या डब्यात टाकलेला स्वेटर फिरत फिरत पेठ तालुक्यात पोचू शकतो, आणि तिसऱ्या मजल्यावरून त्याला नवा म्हटलं जाईल! युरोपीय संघात २०२५च्या जानेवारीपासून जुने कपडे वेगळे गोळा करण्याची सोय करणं सगळ्या देशांना बंधनकारक झालं आहे, तेव्हा हे ढीग कमी व्हायचं काही कारण दिसत नाही.

हल्ली पानिपतचा माल बराचसा पॉलिएस्टरकडे वळलाय, तो मऊ असतो, फुलाफुलांचा असतो, दिसतो छान. पण पाड्यावर माणसं चुलीच्या, शेकोटीच्या उबेला झोपतात. पॉलिएस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. सुती गोधडीला भोक पडतं, ते दुसऱ्या दिवशी ठिगळ लावून बुजवता येतं. गोधडी ओली झाली की उचलायला जड, धुवायला त्रासाची, हेही खरं आहे. पण तो मुद्दा काकांनी काढला नाही, म्हणून मीही काढत नाही.

माझ्या आजीचं घर पंचवटीत होतं, गंगेपासून, म्हणजे आमच्या गोदावरीपासून, हाकेच्या अंतरावर. गोधडी घालायची म्हणजे ओसरी झाडून घ्यायची. खाली एक नऊवारी अंथरायची, सुरकुती दिसली की तळहाताने ओढून काढायची. मध्ये आजोबांची विरलेली धोतरं, चादरींचे तुकडे, वर दुसरी नऊवारी. चार कोपऱ्यांवर वरवंटा, पितळी तांब्या, इस्त्री आणि एकावर आम्हा मुलांपैकी कुणीतरी. लुगड्याचे काठ आधीच उसवून बाजूला ठेवलेले असत, कारण मधलं अंग विरतं पण काठ टिकतो, आणि शेवटी कडेला तोच पट्टी म्हणून लावायचा. टाके बाहेरून आत, चौकोनात चौकोन. दोरा फार ओढला की कापड गोळा व्हायचं आणि आजी काही न बोलता दहा-बारा टाके उसवून सुई परत हातात द्यायची. ती सुई बोटाच्या पेराएवढी जाड होती असं मला तेव्हा वाटायचं. उरलेल्या साड्या बोहारणीकडे जात. त्या सौद्यात आजी तासभर बसे आणि तीन साड्यांवर एक पातेलं आणि वर झारा काढल्याशिवाय उठत नसे. कपडा घरातून फुकट जायचाच नाही, एक तर पांघरुणात जायचा नाही तर पातेल्यात.

हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहून पाठवलं, वहिनीच्या नावाने. अपेक्षेप्रमाणे वाहवा झाली. आणि मग माझ्या शाळेतल्याच एका मैत्रिणीने, ती आता त्याच सोसायटीत राहते, चार ओळी लिहिल्या आणि वाहवा थांबली. तिने लिहिलं, "उष्टंखरकटं आणि उतरलेलं घ्यायचं नाही, हे आमच्या घरी तीन पिढ्या सांगितलं गेलंय. काळाराम मंदिरासमोर १९३० साली जे उभे राहिले त्यांत माझे पणजोबा होते. तुमच्या जुन्या साड्या कुणाला तरी द्यायच्या आहेत आणि त्याला तुम्ही मुलांवरचे संस्कार म्हणताय. पाड्यावरच्या बाईला विचारलंय का कुणी?"

याला माझ्याकडे डच उत्तर नव्हतं. काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून आंबेडकरांनी केलेला सत्याग्रह २ मार्च १९३०ला सुरू झाला आणि १९३५पर्यंत चालला, त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची धर्मांतराची घोषणा झाली, हे सगळं मी पंचवटीत वाढल्यामुळे पाठ आहे. पण त्या पायऱ्यांवरून रोज शाळेत जाणं आणि त्या पायऱ्यांशी अडवलं जाणं यातला फरक पाठांतराने भरून निघत नाही. जुना कपडा आपल्याकडे कायम वरून खालीच वाहत आलाय. घरमालकाकडून कामवाल्या बाईकडे, बंगल्यातून वॉचमनकडे, शहरातून पाड्याकडे. उलटा कधी नाही. एवढंच काय, आडवासुद्धा नाही. कॉलेज रोडवरची बाई गंगापूर रोडवरच्या बाईची वापरलेली साडी विकत घेऊन कुणाच्या लग्नात नेसली, असं कधी ऐकलंय?

इथे ते आडवं वाहतं, आणि मला वाटतं नेमका तिथेच खरा फरक आहे. २७ एप्रिलला राजाच्या वाढदिवसाला पोरं फूटपाथवर चादर टाकून आपली जुनी खेळणी विकायला बसतात. दोन-तीन युरोत कोडी, स्केट्स, अर्धवट संच. मघाचा तो सर्जन माझ्या लेकीकडून वापरलेला मायक्रोस्कोप घेऊन गेला, घासाघीस करून. आमचं जेवणाचं टेबल क्रिंगलोपमधलं, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानातलं आहे आणि येणाऱ्या पाहुण्याला मी ते अभिमानाने सांगते. बिघडलेल्या वस्तू एकत्र बसून दुरुस्त करायच्या रिपेअर कॅफेची सुरुवात २००९ साली इथेच शेजारी ॲमस्टरडॅममध्ये झाली. तिथे टोस्टर घेऊन येणारा आणि तो उघडणारा एकाच गल्लीतले असतात, आणि कोण कुणावर उपकार करतंय ते कळायला मार्ग नसतो. प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणं शाळेच्या डब्यात साठवायची, ती विकून अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या प्रशिक्षणाला पैसे, हेही घरोघर चालतं. हल्ली झाकण बाटलीला जोडलेलंच येतं, म्हणून पोरं ते दातांनी तोडतात आणि आया ओरडतात.

अर्थात हे चित्र मी माझ्या सोयीने काढलंय. क्रिंगलोपमध्ये माझ्यासारख्या हौशी बायका असतात तशीच हातात हिवाळी बुटांचा एकच जोड घेऊन बराच वेळ उभी राहणारी, किंमत पुन्हा पुन्हा बघणारी एखादी बाईही असते. तिच्यासाठी ती गंमत नाही. आणि माझी हौस तरी किती खरी? दर वेळी नाशिकला जाताना मी बॅगा भरते त्या दुकानाच्या टॅगसकट, सीलबंद. भाचीसाठी क्रिंगलोपमध्ये मिळालेला लाकडी बाहुलीघराचा सुंदर संच मी उचलला आणि परत ठेवला. "इतकी वर्षं तिकडे राहून वापरलेलं आणलं" हे वाक्य आईला कुणी ऐकवू नये, म्हणून. म्हणजे जुन्याचा अभिमान मला आम्स्टेलव्हेनमध्ये परवडतो. इथे मला कुणी ओळखत नाही, त्यामुळे कुणाच्या नजरेत मी खालीही जात नाही. नाशिकमध्ये मी अजून कुणाची तरी मुलगी आहे.

आणि पासपोर्ट बदलल्यापासून तिथे मला मतही नाही. नगरसेवक कोण व्हावा हे मी ठरवू शकत नाही, सिंहस्थासाठी कुठला रस्ता रुंद करावा हे मला कुणी विचारत नाही. गच्चीवरच्या बारा गोधड्यांवर बोलता येतं, म्हणून एवढं बोलते. त्या काकांना हे बरोबर कळलंय. त्यांनी शेवटी लिहिलं, "परदेशातल्या मंडळींनी पैसे पाठवावेत, मतं नकोत." याला सर्वांत जास्त अंगठे.

मैत्रिणीच्या प्रश्नावर मात्र मी दोन दिवस अडून होते. अंशू गुप्तांच्या 'गूंज' या संस्थेने १९९९पासून याच प्रश्नाशी झुंज घेतलीय. त्यांनी कपड्याचं दान करणं थांबवलं आणि गावाने विहीर खणली, रस्ता दुरुस्त केला तर त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडा द्यायला सुरुवात केली. जुन्या सुती कापडाचे पाळीचे पॅडही ते बनवतात. पण ती मोठी संस्था, गावागावांत माणसं असलेली. दहा घरांची गच्ची पाड्यावर जाऊन विहीर खणा म्हणून सांगायला लागली तर ते आणखीच वाईट दिसेल.

मग मला सुचलं ते मी या वेळी माझ्याच नावाने लिहून पाठवलं. बारा शिवा. सहा पाड्यावर, सहा सोसायटीत. चिठ्ठ्या टाका आणि ज्या घराला निघेल त्याने हिवाळाभर ती पांघरायची, माळ्यावर टाकायची नाही. कुठली सहा कुठे जाणार हे शिवून झाल्यावरच ठरवायचं, म्हणजे विरलेली साडी कुणी "त्यांना चालेल" म्हणून घालणार नाही. सिंथेटिक एकही नको. आणि आधी पाड्यावर जाऊन विचारा. तिथल्या बायकांना आपल्यापेक्षा सुबक वाकळ घालता येत असणार. त्या म्हणाल्या की आम्हाला गोधडी नको, दोऱ्याची रिळं आणि चांगलं कापड द्या, तर तेवढंच न्या. शिवायला त्याच शिकवू देत, रोजाचे पैसे घेऊन, आपल्या गच्चीवर येऊन.

मैत्रिणीने अंगठा दिला नाही, पण "रोज किती देणार?" असं विचारलं. त्यावर आता वेगळी भांडाभांडी सुरू आहे आणि ती पहिल्यापेक्षा बरी आहे. काकांनी साडी दिलेली नाही. काकूंनी त्यांना न सांगता दोन दिल्या, असं वहिनी म्हणाली, दोन्ही सुती, एक तर चांगली इंदुरी. मी जाने‍वारीत जाणार आहे. भद्रकालीतून दोऱ्याची रिळं घ्यायचा खर्च माझा, आणि चिठ्ठीत माझंही नाव घाला म्हणून सांगितलंय. काकांना पैसे हवे होते आणि मत नको होतं. मी दोन्ही पाठवलंय.