दिल्ली पासिंग घ्या हो, दिल्ली पासिंग!

नवी गाडी घेऊ नका. ज्यांची केळी कंटेनरात बसून आखाती देशांत जातात, नव्या गाड्या त्यांनी घ्याव्यात. कापसाच्या भावावर दिवाळी ठरवणाऱ्या तुम्हा-आम्हाला दिल्लीची जुनीच बरी. तिकडे नऊ वर्षांची डिझेल गाडी म्हणजे घाटावर नेऊन ठेवलेली समजायचे. आपल्याकडे आली की तीच गाडी नवरदेवाच्या मिरवणुकीत फुलं लावून पुढे.

हे असं का, ते विचारायचं नाही, पण तरी सांगतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये ठरवलं की दिल्ली आणि आसपास दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालायच्या नाहीत. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि तिथल्या मालकांची गाडी विकायची घाई सुरू झाली. त्यांची घाई ती आपली चांदी. दिल्लीकरांच्या छातीला जो धूर सोसत नाही तो आपल्याला सोसतो. आपण भुसावळच्या उन्हात वाढलेली माणसं.

तेव्हा शुभस्य शीघ्रम. मोबाइलवर फोटो बघा, टोकनचे पैसे पाठवा, मग गाडी बघायला जा. या क्रमात अजिबात बदल करू नका.

जाताना सोबत एक जाणकार हवाच. जाणकार म्हणजे मेकॅनिक नव्हे, मेकॅनिक उगाच गाडीखाली शिरतो. आपल्याला हवा मामाच्या मुलाचा मित्र. त्याने बोनेटवर थाप मारायची, एकदा रेस करायची, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "गाडी एक नंबर शे भो!" झालं. हाच माणूस घरी बैल घ्यायचा असला की बाजारात दात मोजतो, खूर उचलून बघतो, शेपटीखालचा भोवरा तपासतो, गाड्याला जुंपून चढावर नेतो, आणि तरी दोन बाजार फुकट फिरून येतो. चार लाखांच्या गाडीला मात्र आत मारलेला परफ्यूम पुरतो.

टायरवर चार आकडी अंक असतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. वाचू नका, मन खट्टू होतं.

मीटरवर ४८,००० दिसले की मान डोलवा. ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून आतलं लोखंड चमकत असेल तर दिल्लीची माणसं तब्येतीने मजबूत असतात असं समजा.

दिल्ली लांब पडत असेल तर सुरत आहेच. नवापूर ओलांडलं की सुरत आपल्याला घरासारखं; तिथे कोणाचा तरी साडू असतोच. फक्त तिथल्या गाडीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढायचा नाही. दाखवायला जेवढा येतो तेवढाच बघावा. पूर्ण ओढला तर तळाशी, जिथे धुणाऱ्याचा ब्रश पोचत नाही, तिथे मातकट रेघ दिसते आणि पट्टा तिथे कडक लागतो. सीटखालच्या रुळावर बोट फिरवलं तर गंज. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि अख्खं सुरत बुडालं, ते सगळ्यांना आठवतं. पण तिथल्या खाड्या आजही पावसाळ्यात तुंबतात आणि पार्किंगमधल्या गाड्या बोनेटपर्यंत भिजतात, ते गाडी घेताना कोणाला आठवत नाही. अर्थात यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तापी आपलीच. हतनूरहून गेलेलं पाणी गाडीत बसून परत आलं, एवढंच.

गाडी दिल्लीहून स्वतः चालवत आणा. आग्रा रोडने हजारावर किलोमीटर, इंदूरपर्यंत तर हवेत तरंगत याल. बिजासन घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला तर गाडी थकलीय म्हणून पाणी पाजा, नारळ फोडा, मामाच्या मुलाच्या मित्राला फोन लावा. तो उचलणार नाही.

आता कागद. इथेच नवशिके लोक घाबरतात. तुम्ही घाबरू नका. दलाल सांगेल, "आरसी ओरिजिनल आहे, एनओसी पंधरा दिवसांत कुरिअरने येते, मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्यात." सह्या बघा, छान असतात. कोणी केल्या ते विचारू नका. फॉर्म २९ आणि ३० म्हणजे नाव बदलायचे, फॉर्म २८ म्हणजे दिल्लीची एनओसी, गाडी बाहेर न्यायला हरकत नाही असा दाखला, फॉर्म २७ म्हणजे आपल्याकडचा नवा नंबर, आणि आधीच्या मालकाने कर्ज काढून घेतली असेल तर बोजा उतरवायला फॉर्म ३५. एवढे कागद गोळा करत बसलं तर गाडी चालवायची कधी? कायदा म्हणतो, दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर ठेवायची असेल तर इथला नंबर घ्या. बारा महिने! बारा महिन्यांत खान्देशात माणूस दोन निवडणुका, चार लग्नं आणि एक पोटनिवडणूक उरकतो. आणि बारा महिने सुरू कधी झाले, ते बघायला कोण बसलंय? टोलनाक्यावर कोणी विचारलंच तर म्हणायचं, "मेव्हणा दिल्लीला असतो, त्याची गाडी आहे, परवाच आलाय." हा मेव्हणा मग वर्षानुवर्षं परवाच येत राहतो. पोळ्याला येतो, आखाजीला येतो, आणि एकदाही घरात जेवताना दिसत नाही.

खरी मेख कराची आहे, ते सगळ्यांना माहीत असतं. नंबर बदलायचा तर महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. नवी डिझेल गाडी असेल तर किमतीप्रमाणे १३ ते १५ टक्के, जुनीला वयाच्या हिशेबाने कमी. दिल्लीला भरलेला उरलेल्या वर्षांचा कर परत मागता येतो. मागा हो, जरूर मागा. कार्यालय दिल्लीत, अर्ज मूळ मालकाच्या नावाने, आणि मूळ मालक तुमचा नंबर ब्लॉक करून बसलेला. पुढे गाडीला पंधरा वर्षं भरली की नोंदणीचं नूतनीकरण आलं. पूर्वी ६०० रुपयांत व्हायचं, २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० झालं. पर्यावरण कर वेगळा, फिटनेस वेगळी, आणि एजंट तर वेगळाच. हे सगळं कागदावर मांडलं की स्वस्त गाडीचा आकडा आपल्याच गावच्या शोरूमच्या दाराशी जाऊन उभा राहतो. म्हणून तर लोक मांडत नाहीत. डीएलची, म्हणजे दिल्लीच्या नंबरची पाटी तशीच ठेवतात, वर काचेवर देवाचं नाव टाकतात आणि चालवतात. दिल्लीची एनओसी जिथे निघालीच नाही तिथे इथलं काय होणार! मग हीच गाडी अमळनेरवाला शिरपूरवाल्याला विकतो, शिरपूरवाला शहाद्याला, आणि कागदावर मालक तोच, दिल्लीतल्या रोहिणीत राहणारा कोणी सद्गृहस्थ, ज्याने तापी कधी नकाशातसुद्धा बघितली नसेल.

विमा? विमा तर फारच सोपा. आधीच्या मालकाचा चालू आहे ना, मग झालं. चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, त्याच्याकडेच राहते आणि आपल्याला वरचा फरक भरावा लागतो, असल्या बारीकसारीक गोष्टींत पडू नका. विमा संपला की संपला. त्याची आठवण करून देणारा मेसेज दिल्लीतल्या मोबाइलवर जातो. तो माणूस वाचतो, हसतो आणि पुसतो.

हे मला इतकं तपशिलात कसं माहीत म्हणता? परवा सकाळी भरताची वांगी घ्यायला बाजारात गेलो. मोटरसायकल कडेला स्टँडवर लावली, हँडलला पिशवी. मागून एक डीएल पासिंग आली, रिव्हर्स घेतला आणि माझी गाडी आडवी. हेडलाइट गटारात, हँडल पिळलेलं, टाकीतून पेट्रोल थेंब थेंब वांग्यांवर. उतरला एक विशीतला पोरगा. कानातला हेडफोन न काढता म्हणतो, "काही व्हयनं नही भाऊ, सरळ करी लेसूत." मी म्हटलं, कर ना सरळ, मी थांबतो. मग त्याचा काका आला, काकाचा मित्र आला, नगरसेवकाचा फोन आला. विमा कुठाय? "शे ना." दाखव. "घरी शे." घरून फोटो आला तो मुदत संपून गेलेल्या पॉलिसीचा. नाव दिल्लीच्या माणसाचं. त्या माणसाला शोधून फोन लावला, तर तो बिचारा माझ्यावरच डाफरला: "भाईसाब, वो गाडी तो मैंने कबकी बेच दी!" बेच दी, पण नावावरून काढली नाही. त्याला म्हटलं, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाई तुमच्याच गळ्यात येईल. फोन कट.

आता माझ्या विम्यातून क्लेम घेतला तर बोनस माझा जाणार. नाही घेतला तर खिसा माझा. गाडी त्यांची, चूक त्यांची, आणि गॅरेजच्या बाकावर बसून चहा पितोय मी.

विनोद पुरे झाला. माझं हँडल पिळलं म्हणून हे हसण्यावारी नेता येतंय. त्या जागी वांगी विकणारी मावशी बसलेली असते. परवा ती दोन हात बाजूला होती, एवढंच. तिचा पाय गेला असता तर तिने कोणाकडे जायचं होतं? रोहिणीला? विनाविमा गाडी चालवली तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. २,००० रुपये तुम्ही एका रात्रीच्या शेवभाजीच्या पार्टीत उडवता, म्हणून तुम्हाला दंडाची भीती नाही, कैद कोणाला होताना बघितलेली नाही, आणि लाज तर तुम्ही टोकन देतानाच दिल्लीला ठेवून आलात. परवडत नसेल तर एसटीने जा. गाडी घ्या, जुनी घ्या, दिल्लीची घ्या, कोणी अडवलंय? पण पहिला पैसा देण्यापूर्वी एनओसी हातात घ्या, बोजा उतरलाय का ते बघा, चलनं बाकी आहेत का ते परिवहनच्या ॲपवर पाच मिनिटांत दिसतं ते बघा, इथला कर किती बसतो ते आधी विचारा, आणि निदान थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा, काढल्याशिवाय गाडी दारातून बाहेर काढू नका. यात एकही गोष्ट अवघड नाही. तुम्हाला फक्त ते पैसे वाचवायचे असतात, आणि ते तुम्ही माझ्या, त्या मावशीच्या, रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या जिवावर वाचवता. आणि ज्या दलालांनी कोऱ्या फॉर्मवर सह्या मारून या गाड्या गावोगाव पेरल्या, त्यांनी स्वतःला व्यापारी म्हणवू नये.

आणि हेडफोनवाल्या भाऊ, तू हे वाचणार नाहीस, पण तुझा काका वाचेल. हँडल, हेडलाइट, टाकीचं डेंटिंग-पेंटिंग, सगळ्याचं बिल गॅरेजवाल्याने लिहून दिलंय. गाडी पुढच्या गिऱ्हाइकाला विकायच्या आधी तेवढे पैसे आणून दे. वांग्यांचे वेगळे.