शिल्लक ५० ग्रॅम

परवा माझ्या ब्राउनीच्या डब्यात कोणीतरी वापरलेला टिश्यूपेपर टाकला. आधी बोटं पुसली, मग चुरगळला, मग ब्राउनीवर नीट दाबून बसवला. त्याच्यावर एक उष्टी कागदी डिश आली. डिशवर चमचा आला. मी तीन फुटांवर उभा राहून हे सगळं बघत होतो आणि मला ओरडता येत नव्हतं, कारण तोंडात ब्राउनी होती. माझीच.

मित्राच्या मुलीचा वाढदिवस होता. टेबलाच्या मधोमध विकतचा दोन मजली केक, त्याच्यावर साखरेची जांभळी फुलं. कडेला माझा डबा, आत २४ ब्राउनी, सावरडो नावाच्या आंबट पावाच्या स्टार्टरमधून काढलेल्या पिठाच्या.

हे स्टार्टर माझ्याकडे कसं आलं, ते थोडक्यात सांगतो. एका मैत्रिणीने आणून दिलं. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. बरणीत पीठ आणि पाणी, त्यात हवेतलं आणि पिठातलं रानटी यीस्ट, सोबतीला लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू. ‘काही करावं लागत नाही, फक्त रोज खायला घालायचं,’ असं म्हणून ती गेली. ‘फक्त रोज’ या दोन शब्दांना एकत्र नांदू देऊ नये, असा कायदा व्हायला हवा. तेव्हापासून आमच्या घरात सकाळी माझी चौकशी व्हायच्या आधी त्याची होते. ‘ते जेवलं का?’ बायको विचारते. लोक आपापल्या स्टार्टरला लाडाची नावं ठेवतात म्हणे. आमच्याकडे त्याला ‘ते’ म्हणतात.

खायला घालण्याआधी त्यातलं बरंचसं काढून टाकायचं असतं, हे मैत्रिणीने सांगितलंच नव्हतं. खरा घोळ तिथून सुरू होतो. ५० ग्रॅम ठेवायचं, त्यात ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घालायचं, की झालं १५०. दुसऱ्या दिवशी त्यातलं १०० काढायचं आणि पुन्हा तेच. हे काढलेलं पीठ कचऱ्यात टाकायला हात धजत नाही. अन्न टाकायचं नाही हे लहानपणी टाळक्यात इतकं बसवलंय, की आंबलेलं पीठसुद्धा मी डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवतो आणि आठवडाअखेर त्याचं काहीतरी गोड करतो. रोज पाव करायला माझ्याकडे वेळ नाही, म्हणून गोड. लोकांना वाटतं, याला बेकिंगची हौस आहे. कसली हौस! अपराधीपणा आहे हा, १८० अंशांवर भाजलेला.

तर डबा उघडून मी जरा मागे सरलो, आणि तिथे ते काका उभे होते.

ते नेमके कोणाचे कोण, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. नवऱ्याकडच्यांना वाटत होतं ते बायकोकडचे, बायकोकडच्यांना उलट. एवढंच कळलं, की ते ऑडिटमधून रिटायर झालेत. त्यांनी एक ब्राउनी उचलली, नाकाशी नेली, खाल्ली आणि म्हणाले, “आंबट आहे.”

“किंचित, काका. सावरडो आहे.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. इथे माझी चूक झाली. ‘कोको जास्त पडला’ म्हणून सुटलो असतो. पण या विषयावर आजवर कोणी मला आपणहून प्रश्न विचारला नव्हता. विचारणारा भेटला की माणूस वाहवतो.

“म्हणजे विरजण,” काका म्हणाले.

“जवळपास.”

“बरं. काल सकाळी किती होतं?”

“१५० ग्रॅम.”

“त्यातलं काढलं किती?”

“१००.”

“भर?”

“१००. पन्नास पीठ, पन्नास पाणी.”

“आज सकाळी काढलं?”

“१००.”

“शिल्लक?”

“५०.”

काकांनी दुसरी ब्राउनी घेतली. ती त्यांनी डोळे मिटून खाल्ली, जणू आत कुठेतरी वही उघडली होती.

“म्हणजे रोज १०० ग्रॅम येणार, रोज १०० ग्रॅम जाणार, आणि शिल्लक कायम ५०.”

“हो.”

“किती वर्षं?”

“तसं म्हटलं तर… कायम.”

“आणि समजा काढलंच नाही तर?”

याचं उत्तर मी द्यायच्या आत त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागदी डिशच्या पाठीवर लिहायला घेतलं. ओठ हलत होते. “पन्नासाचे दीडशे. दीडशेचे साडेचारशे. मग १ किलो ३५०…” मी म्हटलं, काका, राहू द्या. ते थांबले नाहीत. “सातव्या दिवशी १०९ किलो ३५० ग्रॅम. दहाव्या दिवशी,” त्यांनी चष्मा वर केला, “जवळजवळ तीन टन. तुम्ही घरी हे ठेवलंय?”

आता खरं सांगायचं तर हा हिशेब मीही एकदा केला होता, रात्री झोप येत नव्हती तेव्हा. तो बरोबर आहे. पण तो दुसऱ्याच्या तोंडून, चार माणसांत, तिसरी ब्राउनी खात खात ऐकायला फार वाईट वाटतं.

“खराब झालं हे कसं ओळखता?” चौकशी पुढे गेली.

“गुलाबी किंवा नारिंगी झाक आली, नाहीतर बुरशी दिसली, तर सगळंच फेकायचं.”

“आंबट वास आला तर?”

“तर ते मजेत आहे.”

“नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला तर?”

मी चमकलो. यांना हे कसं माहीत? “तर त्याला भूक लागलीय.”

“वर काळपट पाणी साठलं तर?”

“तर फारच भूक लागलीय.”

“कोणाला?”

“त्याला.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. असं बघणं मी यापूर्वी एकदाच अनुभवलं होतं, चष्म्याचा नंबर काढताना सगळ्यात मोठं अक्षर चुकलो तेव्हा.

“मग हे जे रोज काढता, त्याला तुमच्यात काय म्हणतात?”

मी म्हणालो, “डिस्कार्ड.”

“मराठीत?”

आणि मी गप्प राहिलो. मला आजही वाटतं, तिथे मी काहीही म्हणायला हवं होतं. मुरलेलं पीठ, जुनं पीठ, राखीव पीठ, काहीही. मी शब्द शोधतोय तेवढ्यात त्यांनी तो शोधला. आयुष्यभर मोठ्या हॉलच्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचवायची सवय असलेल्या आवाजात ते म्हणाले, “म्हणजे टाकाऊ! हे टाकाऊ पिठाचं आहे!”

उत्साहावर विरजण पडणं हा वाक्प्रचार शाळेत निबंधात वापरला होता. त्यात खरोखरचं विरजण असण्याचा योग त्या दिवशी आला.

तो शब्द टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती वेगाने गेला म्हणता! पहिल्या बाईंनी ऐकलं ‘टाकाऊ पिठाचं’, त्यांच्या शेजारणीने ऐकलं ‘टाकाऊ’, आणि त्या पलीकडच्या गृहस्थांपर्यंत बहुधा फक्त डब्याकडे केलेलं बोट पोचलं. टिश्यूपेपर त्यांचा. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे देतो, पण कमी देतो.

मला खरा राग आहे तो नाव ठेवणाऱ्यांचा. ज्या कोणी पहिल्यांदा या पिठाला डिस्कार्ड म्हटलं, त्याने आमच्यासारख्यांची कायमची वाट लावली. काय वाईट आहे त्या पिठात? १०० ग्रॅममध्ये ५० पीठ, ५० पाणी. तेवढं मूळ मापातून वजा केलं की झालं. त्याची पाव फुगवायची ताकद ओसरलेली असते, पण केकला आणि ब्राउनीला ती लागते कुठे? उलट त्यातलं आम्ल खायच्या सोड्याला भेटतं, कार्बन डायऑक्साइड सुटतो, केक हलका होतो. त्या आम्लात पिठाचं ग्लुटेनही ढिलं पडलेलं असतं, म्हणून चिवट होत नाही. चॉकलेटमध्ये आंबटपणा मुरतो तो तर असा, की काकांनी सांगितलं नसतं तर कोणाच्या लक्षातही आला नसता.

हे शिकायला मी काय काय भोगलंय! एकदा दालचिनीचे रोल लावले. बाहेरच्या यीस्टची चिमूटभरही मदत नको, सगळं याच्याच जिवावर, अशी माझी जिद्द. पण गोड कणकेतली साखर यीस्टच्या वाट्याचं पाणी ओढून घेते, बिचारं यीस्ट तहानलेलं आणि काम मात्र दुप्पट. सकाळच्या नाश्त्याचे रोल रात्री साडेदहाला ओव्हनमधून आले. बायको तोवर जेवून, दात घासून झोपली होती. पुढे इटलीच्या पॅनेटोने नावाच्या गोड पावाबद्दल वाचलं. लोणी, अंडी, साखर, सुकामेवा, आणि हे सगळं पेलायला स्टार्टरच. भाजून झाल्यावर तो उलटा टांगून गार करतात, नाहीतर गरम असताना आतली जाळी बसते. मीही टांगला. दोन खुर्च्यांच्या मध्ये, सळया खुपसून. दहा मिनिटांनी सळया जागच्या जागी होत्या. पॅनेटोने फरशीवर होता.

आणि जगात काय चाललंय बघा. सान फ्रान्सिस्कोत एक बेकरी १८४९ पासून एकाच स्टार्टरवर चालल्याचं सांगते. १९०६ च्या भूकंपात मालकीणबाईंनी म्हणे ते बादलीत घालून वाचवलं. शहर कोसळतंय आणि बाई बादली घेऊन पळताहेत! बेल्जियममध्ये सांक्ट फिथ नावाच्या गावात तर २०१३ पासून स्टार्टरांचं ग्रंथालय आहे. देशोदेशीची शंभराहून जास्त स्टार्टर काचेच्या दाराआड, गारव्यात ठेवलेली, आणि त्यांना वेळच्या वेळी खायला घालायला माणसं. तिकडे ग्रंथालय आणि इकडे टिश्यूपेपर.

त्या विकतच्या केकला कोणी एक प्रश्न विचारला का? फुलं जांभळी कशाने झाली? क्रीम कशाचं आहे? केक केला कधी? नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यातून जे येतं ते पवित्र, आणि जे माणूस सकाळी सहाला उठून, वजनकाटा लावून, घरून डब्यात भरून आणतो त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. ‘अय्या, घरी केलंत?’ याचा अर्थ आजकाल ‘विकत आणायला पैसे नव्हते का?’ असाच होत चाललाय. हे मी हसत सांगतोय, पण त्या क्षणी मला हसू येत नव्हतं. यजमानीणबाई आल्या, डब्यातला ढीग बघितला आणि मला म्हणाल्या, “बरं झालं भावजी, कचऱ्याला डबा हवाच होता.”

मी म्हटलं, “हो ना.”

हो ना! यापेक्षा भित्रं उत्तर मराठीत नसेल.

घरी येऊन डबा उपडा केला. डिशा काढल्या, टिश्यू काढला, ब्राउनी मोजल्या. १५ होत्या. मी एक खाल्ली होती. वाढदिवसाच्या मुलीने एक नेली होती, ती तिने कुत्र्याला दाखवली आणि परत आणून ठेवली, म्हणजे ती धरायची नाही. उरल्या आठ. त्या आठही काकांनी खाल्ल्या होत्या. एका प्रश्नाला एक या दराने नसेल, पण जवळपास. पूर्ण जमावात माझा माल मन लावून खाणारा एकच माणूस निघाला, आणि तोच.

बायको म्हणाली, “पुढच्या वेळी सरळ केक विकत ने.” मी काही बोललो नाही. ओट्यावर ‘ते’ बरणीतून फुगून झाकणाला टेकलं होतं.

काल मित्राचा मेसेज आला : काका विचारताहेत, ते टाकाऊ पुन्हा कधी करणार?

त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. आधी कोणीतरी माफी मागावी असं मला वाटतं, निदान त्या टिश्यूबद्दल तरी. कोणी मागेल असं लक्षण दिसत नाही. फ्रिजमधलं काढलेलं पीठ आज सकाळी ३०० ग्रॅम भरलं. आरंभीची शिल्लक, भर, काढलेलं आणि अखेरची शिल्लक, असे चार रकाने आखून मी आता वहीत लिहून ठेवतो.