उंबऱ्यापलीकडचं खरकटं

रात्रीचे साडेनऊ वाजून गेले तरी आकाशात उजेड रेंगाळत होता. जुलैत कॅनडातल्या ओंटारिओमध्ये असंच असतं. अल्गॉन्क्विन पार्कात, लेक ऑफ टू रिव्हर्सच्या काठी आमचा तंबू. शेकोटीवर पिठलं झालेलं, भाकऱ्या आईने टोरांटोहून निघतानाच थापून घेतलेल्या. मुलगी पाण्यात पाय सोडून बसली होती. तळ्यावरून लून पक्ष्याची लांबलचक हाक आली तशी आई दचकली. "कोण रडतंय गं?" गोरेगावहून आलेल्या माझ्या आईची तंबूतली ही पहिलीच रात्र, वयाच्या 68 व्या वर्षी.

जेवणं झाली, आम्ही निवांत गप्पा मारत बसलो, आणि पार्कची वॉर्डन आली. बाकावर पिठल्याची कढई तशीच पडलेली. तिने शांतपणे सांगितलं: कढई, तेलाची बाटली, अगदी टूथपेस्टसुद्धा गाडीत ठेवा, काचा वर करा, कुलूप लावा, नाहीतर दंड होईल. इथे काळी अस्वलं आहेत. माणसाच्या अन्नाची चटक लागली की अस्वल पुन्हा पुन्हा येतं, धीट होतं, आणि शेवटी बहुतेक वेळा त्यालाच जीव गमवावा लागतो. चूक माझी होती आणि मला ती लागली. आईला मात्र यात नवल वाटलं नाही. "रात्री खरकटं ठेवू नये, हे सासूबाई रोज बजावायच्या," म्हणत ती उठलीसुद्धा.

याच्या दोनच दिवस आधी गोरेगावच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सीसीटीव्हीची क्लिप आली होती. पहाटे पार्किंगमधून बिबट्या गेला. अर्ध्या लोकांचं म्हणणं, पिंजरा लावा, पकडून लांब सोडा. उरलेल्यांचं म्हणणं, आपणच त्यांच्या घरात घुसलो. एकाला भीती, दुसऱ्याला हळहळ. आणि मागच्या फाटकाजवळची उघडी कचराकुंडी जागच्या जागी. तिच्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. भटकी कुत्री हे मुंबईतल्या बिबट्यांचं मोठं खाद्य आहे, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

पकडून लांब सोडण्याचा अनुभवही महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. 2001 पासून जुन्नर भागात बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले गेले. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले. एक जागा रिकामी झाली की तिथे दुसरा बिबट्या येतो, आणि अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो. एवढं ठाऊक असूनही दर क्लिपमागून पिंजऱ्याची मागणी येते, याचं मला मनापासून दुःख होतं.

दोन्हीकडची तुलना सरळ होत नाही, हे मान्य. अल्गॉन्क्विन साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठं, 1893 पासून राखलेलं. आपलं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम 104 चौरस किलोमीटरचं आणि भोवती अख्खी महानगरी. अल्गॉन्क्विनचं जंगल काही पवित्र ठेवलेलं आहे असंही नाही. या पार्काच्या मोठ्या भागात आजही व्यापारी लाकूडतोड चालते. आणि नियम पाळले की धोका संपतो असंही कोणी म्हणू नये. 1991 मध्ये इथल्याच ओपिओंगो तलावातल्या बेटावर अस्वलाने दोघांचा जीव घेतला होता.

आपल्याकडे 2022 च्या दिवाळीत गोरेगावच्या आरे वसाहतीत 16 महिन्यांची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. ती बातमी वाचल्यावर मी कितीतरी वेळ माझ्या मुलीला जवळ घेऊन बसले होते. म्हणूनच 'आपणच घुसलो' हे वाक्य मला खटकतं. त्यातला 'आपण' नेमका कोण? आरेतले वारली पाडे टॉवरांच्या कितीतरी आधीचे, वाघोबाला पुजणारे. अंधारात शौचासाठी बाहेर जावं लागतं त्यांच्या बायकांना. अंगणात खेळतात त्यांची मुलं. आम्ही अकराव्या मजल्यावरून क्लिप पाहतो. कचरा आमचा आणि जीव त्यांचा, असा हा हिशेब आहे, आणि तो मला अन्यायाचा वाटतो.

परदेशातले लोक जात्याच शिस्तीचे, हे कौतुक मला पटत नाही. त्या रात्री कढई बाहेर ठेवणारी मी होतेच, आणि शेजारच्या तंबूतल्या कॅनेडियन कुटुंबालाही त्यांची खाण्याची पेटी आत घ्यायला सांगावं लागलं. फरक एवढाच, की सांगायला रोज कोणीतरी येतं. आपल्या घरात खरकटं न ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, पण ती उंबऱ्याशी थांबते. पलीकडचं ते पालिकेचं, वॉचमनचं, नाहीतर वनखात्याचं.

आई पुढच्या महिन्यात परत जाते आहे. सोसायटीच्या सभेसाठी आम्ही दोघींनी तळ्याकाठीच अर्ज लिहिला. पिंजऱ्याची मागणी मागे घ्यावी. कुंडीला झाकण बसवावं, आणि ओला कचरा रात्री बाहेर न ठेवता सकाळी गाडी आल्यावरच खाली आणावा. पाड्यावर शौचालय आणि रस्त्याला दिवे मिळावेत म्हणून पालिकेला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र जावं. शेवटचा मुद्दा आईने स्वतः घातला: फाटकाबाहेर कुत्र्यांना उरलेलं अन्न टाकणं बंद व्हावं. ते टाकणाऱ्या काकू आमच्याच मजल्यावर राहतात. सभेच्या आधी त्यांच्याकडे चहाला जाऊन बोलायचं, असं तिने ठरवलं आहे.