धूर पकडणाऱ्यांवर माझा भरवसा का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली पुरायचं तंत्रज्ञान कुठेच उपयोगाचं नाही, ती कोळशासाठीची ‘पळवाट’ आहे, असं मी आधीच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी तंत्रज्ञानाच्या विरोधात आहे, उंटावरून शेळ्या हाकतो, नॉर्वेत 1996 पासून चाललेलं काम मला दिसत नाही आणि सिमेंटचं काय करायचं हे मला ठाऊक नाही, असं तुम्ही लिहिलंय. सिमेंटबद्दल तुमचं बरोबर आहे, त्याकडे शेवटी येतो.

नॉर्वेचा स्लाइप्नर प्रकल्प (समुद्रातल्या नैसर्गिक वायूच्या क्षेत्रातला) मी लेखात घ्यायलाच हवा होता. समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात तिथे बरीच वर्षं दरसाल दहा लाख टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पुरला गेला आणि तो तिथेच राहिलाय. पण हा वायू धुराड्यातला नव्हे. तिथल्या नैसर्गिक वायूतच तो सुमारे 9 टक्के होता आणि तो कमी केल्याशिवाय माल विकता येत नव्हता. काढून हवेत सोडला असता तर 1991 पासूनचा कार्बन कर भरावा लागला असता. पुरणं परवडलं ते त्या करामुळे.

कोळशाच्या धुराड्याचं गणित बघायचं तर कॅनडातलं बाउंडरी डॅम वीजकेंद्र बघा. तिथल्या एका युनिटवर वायू पकडायची यंत्रणा ऑक्टोबर 2014 मध्ये सुरू झाली, तेव्हा वर्षाला 10 लाख टनांचं आश्वासन होतं. एकूण 50 लाख टन व्हायला 2023 उजाडलं. असं का झालं? धूर मनोऱ्यात खालून वर चढतो, वरून अमाइन या रसायनाचं द्रावण उतरतं आणि वायू शोषून घेतं. मग तो सोडवायला द्रावण तापवावं लागतं, आणि त्यासाठीची वाफ वीज करणाऱ्या टर्बाइनच्या वाट्यातूनच काढली जाते. म्हणजे तेवढ्याच विजेला जास्त कोळसा. शिवाय धुरातली बारीक राख यंत्रणेत जाऊन बसली, 2021 मध्ये कॉम्प्रेसर बिघडला आणि काम कित्येक महिने अडलं. एवढं करून पकडलेल्या वायूचा मोठा भाग तेलक्षेत्राला विकला जातो. तो जमिनीत दाबून आणखी तेल वर काढतात!

टेक्सासमधल्या कोळशाच्या वीजकेंद्रावरच्या पेट्रा नोव्हा प्रकल्पातही वायूचं गिऱ्हाईक तेलविहीरच. 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि वायू पकडणं बंद पडलं ते 2023 पर्यंत. कोळसा जाळणं मात्र थांबलं नाही. ‘पळवाट’ हा शब्द मी वापरला तो यामुळे, आणि तो मी मागे घेत नाही.

‘आज लहान आहे, उद्या मोठं होईल’ असंही तुम्ही म्हणता. 2025 च्या सुरुवातीला जगातल्या अशा सगळ्या प्रकल्पांची क्षमता मिळून वर्षाला जेमतेम 5 कोटी टन होती. खनिज इंधनं आणि सिमेंट मिळून वर्षाला सुमारे 3,700 कोटी टन सोडतात. म्हणजे वर्षभराची सगळी धडपड अर्ध्या दिवसाच्या धुराएवढी. स्लाइप्नरला तीस वर्षं होत आली. तेवढ्या काळात कोळसा घटायला हवा होता, पण 2024 मध्ये त्याचा जागतिक वापर तोवरचा सर्वाधिक होता आणि 2024-25 मध्ये आपल्या देशाचं उत्पादन 100 कोटी टनांपुढे गेलं. ‘पुढे पकडू’ या भरवशावर आज नवी खाण मंजूर होते, याची मला भीती वाटते.

आता सिमेंट. तिथे कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग चुनखडी भाजतानाच सुटतो, वीज कितीही स्वच्छ वापरा. नॉर्वेतल्या ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यात 2025 मध्ये वर्षाला 4 लाख टन पकडणारी यंत्रणा सुरू झाली. असे प्रकल्प मला हवेत, आपल्याकडेही हवेत. ‘हे तंत्रज्ञान कुठेच उपयोगाचं नाही’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. ते आज दुरुस्त करतोय, वीजकेंद्रांबद्दलचा भाग आहे तसा ठेवून.